येळवशीचं जेवण आणि गोधड्यांची हर्राशी: एका हंगामी वसतिगृहाच्या निधीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लागून निवृत्त शिक्षकांच्या एका विश्वस्त संस्थेचं हंगामी वसतिगृह आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांची पदं थोडी बदलली आहेत. मी अशा छोट्या संस्थांचे हिशेब पाहतो, त्यामुळे या प्रकरणातली कागदं आणि भांडणं दोन्ही जवळून पाहायला मिळाली.

दिवाळी झाली की इथल्या वाड्या-तांड्यांवरची घरं रिकामी होतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, पावसाळ्यातच खर्चून झालेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतो. लेकरं सोबत गेली तर शाळा सुटते, मागं राहिली तर थकलेल्या आजीच्या गळ्यात पडतात. वसतिगृह अशा मुलांसाठी, नोव्हेंबर ते एप्रिल. २०२४-२५ च्या हंगामात ५२ मुलं होती. किराणा, भाजीपाला, गॅस आणि स्वयंपाक करणाऱ्या दोघींचा पगार धरून महिन्याला ९०,००० रुपये लागत. सरकारी अनुदान मिळतं, पण ते हातात पडेपर्यंत हंगाम अर्धा सरलेला असतो. तोवरची तोंडमिळवणी संस्थेनं करायची, हे दरवर्षीचंच.

अडचण

एरवी ही तोंडमिळवणी मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, होत असे. चार आडते, दहा-बारा बरे शेतकरी, कुणी पाच हजार, कुणी दोन कट्टे तूरडाळ. त्या वर्षी सोयाबीननं सगळ्यांचं गणित बिघडवलं. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि आडतीवर भाव चार हजारांच्या आसपास. ज्याच्या घरात पोती थप्पीला लागून पडली आहेत, त्याच्याकडे पावतीपुस्तक घेऊन कोणत्या तोंडानं जायचं? शिवाय नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. २० तारखेला मतदान होईपर्यंत गावातल्या कुणाच्याच डोक्यात दुसरा विषय नव्हता.

डिसेंबरपर्यंतची सोय होती. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांसाठी ३,६०,००० रुपये हवे होते. कार्यकारिणीतल्या तरुण सदस्यांचं म्हणणं पडलं की दारोदार वर्गणी मागण्याचे दिवस गेले, काहीतरी कार्यक्रम घ्या. ते चूक नव्हतं. पण कोणता कार्यक्रम, यावर दोन बैठका गेल्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ऑर्केस्ट्राचा. कलाकारांचा विसार, मंडप, साउंड, जनरेटर हे सगळं आधी खिशातून घालायचं आणि तिकिटं खपली तर वसूल करायचं. तालुक्याच्या गावात अशी तिकिटं खपत नाहीत, गळ्यात मारली जातात. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या, आणि डॉक्टरांनी औषधवाल्यांच्या. पैसे मिळतात, पण पुढच्या वर्षी तीच माणसं तुम्हाला पाहून रस्ता बदलतात.

दुसरा लकी ड्रॉ. शंभर रुपयांचं कूपन, पहिलं बक्षीस मोटारसायकल. या कल्पनेवर सगळ्यात जास्त उत्साह होता, आणि ती सगळ्यात आधी बाद करावी लागली. सरकारच्या परवानगीशिवाय पैसे घेऊन तिकिटं विकायची आणि सोडत काढायची, हा कायद्यानं गुन्हा आहे. कारण कितीही पुण्याचं असलं तरी त्यात फरक पडत नाही. गणपती-दुर्गादेवीच्या मंडळांचे ड्रॉ सगळीकडे दिसतात म्हणून लोकांना हे खरं वाटत नाही. पण नोंदणीकृत विश्वस्त संस्थेनं हा धोका घ्यायचं काही कारण नव्हतं.

तिसरा हुर्डा पार्टीचा. छत्रपती संभाजीनगरच्या आजूबाजूला हा धंदा चांगला बसलाय. इथं मात्र डिसेंबरअखेर ज्वारी हुरड्यात येईल की नाही याची खात्री नव्हती, आणि सोयाबीनच्या नादात हुरड्याची ज्वारी पेरणारेही मोजकेच उरलेत.

चौथी कल्पना सचिवांच्या सुनेची. ती मूळची नागपूरकडची, लग्न होऊन इकडं आलेली. तिला पहिल्या वर्षी जे अप्रूप वाटलं होतं तेच तिनं बैठकीत मांडलं: येळवस. लातूर, धाराशिव आणि लगतच्या कर्नाटकात मार्गशीर्ष अमावास्येला बाजारपेठ ओस पडते आणि सगळं गाव शेतात असतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. कडब्याची खोप, तिच्यात चुना-काव लावलेले पाच पांडवांचे दगड, डोक्यावरून आणलेला आंबिलीचा बिंदगा, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. पण शहरात अशी हजारो माणसं आहेत ज्यांना शेतच नाही. बदलीवर आलेले बँकवाले, दवाखान्यांतले शिकाऊ डॉक्टर, क्लासेसमध्ये शिकवणारे परप्रांतीय सर, आणि पोराच्या 'नीट'च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या, परीक्षेसाठी नांदेड-हिंगोलीकडून येऊन लातूरला खोली करून राहिलेल्या आया. त्यांना माणशी ७०० रुपयांत येळवस द्यायची. दोनशे माणसं आली तरी १,४०,००० रुपये.

सोबत पाचवी कल्पना जोडीला होती: मुलांच्या आज्या शिवतात त्या गोधड्या मांडून विकायच्या. तिच्याकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

पहिला निर्णय: जेवणाला तिकीट लावायचं का?

येळवशीची कल्पना सगळ्यांना पसंत पडली. जागाही ठरली, वसतिगृहाच्या शेजारचं तात्यांचं रान. तात्या संस्थेचे जुने हितचिंतक. त्यांच्याकडे गेलेली मंडळी अर्ध्या तासात परत आली. तात्यांचं म्हणणं सरळ होतं: "येळवशीला वाटंनं चाललेल्या माणसाला हाक मारून जेवू घालतेत. अन् तुम्ही माझ्या बांधावर बसून पावत्या फाडणार? रान घ्या, पर तिथं पैशाचं नाव काढायचं न्हाई."

यावर बैठकीत चांगलीच जुंपली. तरुणांचा मुद्दा असा की पाहुण्यांना ही रीत ठाऊकच नाही, त्यांना ७०० रुपये हॉटेलपेक्षा स्वस्त वाटतील. जुन्यांचा मुद्दा असा की पाहुण्यांना ठाऊक नसेल, गावाला आहे. माझ्या मते दुसरी बाजू वजनदार होती, आणि निव्वळ भावनेपोटी नव्हे. वसतिगृह गावाच्या जिवावर चालतं. ज्वारीचं पीठ, ताक, भाजी, सरपण हे सगळं येळवशीला गाव फुकट देणार होतं. तिकीट लावलं असतं तर तोच माल विकत आणावा लागला असता. हिशेबाचीही एक बाजू होती. जेवणाच्या बदल्यात घेतलेले पैसे म्हणजे देणगी नव्हे, त्यावर ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती देता येत नाही. नोकरदार माणूस विचारतो ते नेमकं त्या पावतीचं.

शेवटी ठरलं ते असं. जेवण आमंत्रणाचं, सगळ्यांना मोफत. शेतात दानपेटी नाही, पावतीपुस्तक नाही, भाषण नाही. गोधड्या तिथं नुसत्या पाहायला टांगायच्या आणि त्यांची हर्राशी, म्हणजे लिलाव, पुढच्या रविवारी, ५ जानेवारीला, गावातल्या मंगल कार्यालयात करायची. धनुर्मासात लग्नं नसतात, कार्यालय रिकामंच होतं. मालकानं भाडं घेतलं नाही. आठवड्याचं हे अंतर म्हणजे धाडसच होतं. खाऊन गेलेला माणूस परत येईल कशावरून, हा खजिनदारांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

दुसरा निर्णय: मुलांचं काय?

कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात मुलांचं स्वागतगीत होतं, दोन नाच होते आणि एका मुलीचं 'माझे आईबाबा फडावर' असं मनोगत होतं. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी तो कागद वाचून परत सरकवला. "त्या दिवशी प्रत्येक लेकराला आपलं शेत आठवतं. ते जेवायला येणारेत, नाचायला न्हाई. ती पण पाहुणीच."

गोधडीच्या चिठ्ठीवरही हाच पेच आला. कुणाला वाटत होतं, चिठ्ठीवर मुलाचा फोटो आणि घरची परिस्थिती लिहिली तर बोली वाढेल. वाढलीही असती. बाईंनी ते होऊ दिलं नाही. चिठ्ठीवर शिवणारीचं नाव, तेही तिला विचारून, आणि गोधडीत काय काय आहे एवढंच. दोघी आज्या नाव द्यायला तयार नव्हत्या, त्यांच्या चिठ्ठ्यांवर फक्त गावाचं नाव होतं.

तिसरा निर्णय: शिवणाऱ्यांची मजुरी

कल्पना सुचली नोव्हेंबरच्या मध्यात. तोवर सुया चालवणारे धडधाकट हात बहुतेक फडावर निघाले होते. उरल्या त्या आज्या. कुणाला मोतीबिंदू, कुणाचे सांधे धरलेले. पन्नास गोधड्यांचं उद्दिष्ट होतं, चौतीस झाल्या.

अध्यक्षांचं म्हणणं होतं की नातवंडांसाठीच तर चाललंय, मजुरी कशाला? हे बोलणं वरवर बरं वाटतं. पण ज्या बाईच्या घरात मीठ-मिरचीची ओढाताण आहे तिच्याकडून महिनाभर फुकट काम घ्यायचं आणि त्याला दान म्हणायचं, ते कुणी केलेलं दान? बराच खल होऊन गोधडीमागे १,२०० रुपये मजुरी ठरली, हर्राशीत काहीही येवो. चौतीस गोधड्यांचे ४०,८०० रुपये येळवशीच्या आधीच वाटून टाकले. त्यासाठी संस्थेला मुदत ठेवीवर कर्ज काढावं लागलं, तेही सगळ्यांना आवडलं नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं

येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली. चारच दिवस आधी डॉ. मनमोहन सिंग यांचं निधन झालेलं, देशात १ जानेवारीपर्यंत दुखवटा होता. मंच, सत्कार, ध्वनिक्षेपक असा कार्यक्रम असता तर अधिकारी मंडळी आली नसती आणि आयोजकांचीही पंचाईत झाली असती. इथं नुसतं जेवण होतं, ते बायका-मुलांसह येऊन जेवून गेले.

अंदाज अडीचशे माणसांचा होता, चारशेच्या वर पंगती उठल्या. तिकीट नसलं की मोजदाद नसते, हा त्याचा खर्च. दुपारी दोनला भज्जी संपली. हरभरा, तूर, पावटा, पातीचा कांदा, मेथी असं सगळं निवडून-शिजवून ताकात कालवलेल्या बेसनात सोडायचं; ते ऐनवेळी पुन्हा होत नाही. शेजारच्या तीन शेतांतून पातेली आली म्हणून निभावलं. आंबील मात्र उरली. बायकांच्या स्वच्छतागृहाचा विचार कुणी केला नव्हता; वसतिगृह चार-पाचशे पावलांवर होतं म्हणून लाज राहिली. शाळेच्या दोन बस शहरातून पाहुणे आणत होत्या, त्यांचं वेळापत्रक सकाळी अकरापर्यंत ठीक चाललं, नंतर ज्याला जी मिळेल ती.

गोधड्या बांधाला समांतर दोरीवर टांगल्या होत्या. पंगतीतून उठलं की हात धुवायच्या टाकीकडे जाताना त्या वाटेत येत. एकीपाशी माणसं थांबत. धोतराचं अस्तर, वर जुनी दोन लुगडी, कडेला पोत्यासारख्या जाड कापडाची पट्टी, आणि मधोमध निळ्या चौकड्यांचा शाळेच्या झग्याचा तुकडा, खिशासकट. खिसा उसवलेला नव्हता. टाके कडेनं सुरू होऊन आत-आत वळत गेलेले आणि खिशाभोवती येऊन थांबलेले. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "लुगडी दोन, धोतर एक, नातीचा झगा." बाकी काही नाही. क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी तिथंच ती मागितली. त्यांना रविवारी यायला सांगितलं.

एका आईनं, जी मुलासाठी लातूरला खोली करून राहत होती, बाईंना विचारलं की एका लेकराला महिन्याला किती लागतं. १,७५० रुपये, बाईंनी सांगितलं. हा आकडा कुठं छापलेला नव्हता. पण तो पंगतीपंगतीतून फिरला, आणि संध्याकाळी बसमध्ये चढताना लोक फोन नंबर लिहून देत होते. तात्यांच्या बांधावर पैशाचं नाव निघालं नाही, बसमध्ये निघालं.

हर्राशी

रविवारी मंगल कार्यालयात दीडशेच्या आसपास माणसं होती. त्यातली बरीच येळवशीला आलेली. म्हणजे खजिनदारांची भीती निम्मी खोटी ठरली.

'एक वार, दोन वार' करत सवाल सुरू झाले. दहा-बारा गोधड्या तीन ते सहा हजारांत गेल्या, सगळं ठीक चाललं होतं. मग नगरपालिकेच्या निवडणुकीत उभं राहू इच्छिणारे एक जण उठले आणि त्यांनी ५१,००० ची बोली केली. टाळ्या, फोटो, मोबाइलवर व्हिडिओ. त्यानंतर साध्या माणसांचे सवाल बंद पडले. पाच हजार म्हणायला उठावं तर आता लाज वाटावी. उरलेल्या गोधड्यांपैकी काही आधारभावालाच, दोन हजारांना, द्याव्या लागल्या. झग्याच्या खिशाची गोधडी भौतिकशास्त्राच्या सरांनी ११,००० ला घेतली आणि तिथंच ऑनलाइन पैसे भरले.

हर्राशीची एकूण बोली झाली २,४७,००० रुपये. जानेवारीअखेर प्रत्यक्ष जमा १,७९,०००. मधल्या ६८,००० मध्ये ५१,००० ती बोली आणि १७,००० किरकोळ उधारी. गावाकडच्या हर्राशीत उधारी असतेच. देवळातल्या नारळाचे पैसे पुढच्या यात्रेला येतात. पण देऊळ थांबू शकतं, किराणा दुकानदार थांबत नाही.

पावत्यांचं त्रांगडं वेगळं. बोलीतले १,५०० रुपये गोधडीची किंमत धरायची आणि वरची रक्कम देणगी म्हणून स्वतंत्र दाखवायची, असा सावध सल्ला मी दिला होता. तो अंमलात आला, पण काउंटरवर प्रत्येकाला समजावताना रांग लागली. रोखीनं दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीवर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, हे बऱ्याच जणांना नोटा मोजून झाल्यावर कळलं. शिवाय देणगीदारांची यादी तेव्हा आयकर खात्याच्या १०बीडी नमुन्यात ३१ मेपर्यंत भरावी लागत होती, त्यात पॅन किंवा तत्सम ओळख क्रमांक लागायचा. तो आगाऊ घेतलेला नसल्यामुळे एप्रिलभर फोनाफोनी चालली. धान्याची पोती देणाऱ्यांनीही ८०जी मागितली. वस्तुरूप देणगीवर ती मिळत नाही.

निष्पत्ती

महिन्याच्या शिध्याचे, म्हणजे १,७५० रुपयांचे, ६१ वाटे आले: १,०६,७५० रुपये. हर्राशीचे १,७९,००० धरून एकूण जमा २,८५,७५०. खर्चात येळवशीच्या जेवणाचे ३१,००० (बाकी सगळं गावानं दिलं), मजुरी ४०,८००, आणि बस, मांडव, चिठ्ठ्या, पाणी मिळून १८,०००. हाती राहिले १,९५,९५० रुपये. उद्दिष्टाच्या निम्म्याहून थोडे जास्त.

वसतिगृह अडचणीत आलं नाही, याला एक कारण कार्यक्रमाबाहेरचं. त्या वर्षी ऊस कमी होता, बरेच कारखाने लवकर बंद झाले. मार्चच्या मध्यापासून टोळ्या परतू लागल्या आणि मुलं घरी गेली. हंगाम एप्रिलपर्यंत चालला असता तर दीड महिन्याची उधारी अंगावर आली असती. हे श्रेय कार्यक्रमाच्या खात्यावर मांडू नये, असं मी वार्षिक सभेत सांगितलं. ते काहींना रुचलं नाही.

शिध्याच्या वाट्याची गोष्ट वेगळी आहे. ६१ पैकी १९ जणांनी पुढच्या महिन्यांतही स्वतःहून पैसे पाठवले. त्यांतले बहुतेक लातूरचे नाहीत, इथं पाहुणे आहेत. मुलाची परीक्षा झाली किंवा बदली झाली की ते जाणार.

वेगळं काय करता आलं असतं

हर्राशीची पद्धत सगळ्यात आधी बदलायला हवी होती. उघड सवालात रक्कम मोठी होते आणि साधा माणूस गप्प बसतो. प्रत्येक गोधडीखाली बंद पाकिटात बोली टाकायची, ती येळवशीनंतर आठवडाभर वसतिगृहात स्वीकारायची आणि रविवारी फक्त पाकिटं फोडायची, असं केलं असतं तर तमाशा कमी आणि वसुली जास्त झाली असती, असं मला वाटतं. कार्यकारिणीतल्या काहींचं मत उलट आहे: ५१,००० च्या त्या व्हिडिओमुळेच संस्थेचं नाव तालुकाभर झालं. नाव झालं हे खरं. त्याचे पैसे मात्र आले नाहीत, आणि ती गोधडी तीन महिने कपाटात पडून होती. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, तेव्हा सात हजार म्हणालो होतो, आता थंडी गेली. 'पैसे जमा, मग गोधडी' हा नियम पाळला होता, एवढंच समाधान.

जेवण मोफत ठेवण्याचा निर्णय पैशाच्या हिशेबात तोट्याचा दिसतो. १,४०,००० चं तिकीट सोडून १,०६,७५० चा शिधा मिळाला. पण तिकीट लावलं असतं तर तात्यांचं रान नव्हतं, गावचं ताक-पीठ नव्हतं, आणि चारशे माणसांच्या जेवणाचा रोख खर्च ३१,००० त भागला नसता. फक्त आमंत्रणाबरोबर 'किती जण येणार' एवढा निरोप फोनवर परत मागवायला हवा होता. त्यात कुणाचा अपमान नव्हता.

२०२५ ची येळवस १९ डिसेंबरला, शुक्रवारी. गोधड्यांचं काम दिवाळीनंतर नव्हे तर पोळ्याला सुरू करायचं, म्हणजे फडावर जाण्याआधी आयांच्या हातचं काम मिळेल आणि तिची मजुरी उचलीच्या दिवसांत त्यांच्या पदरात पडेल, असा ठराव कार्यकारिणीनं जूनमध्ये केला. मजुरी १,२०० च ठेवायची की वाढवायची, यावर मात्र बैठक दोनदा तहकूब झाली.